दोन काठ्यांवरचा इब्लिस

खेळणे असे: दोन पोकळ वाट्या बुडाला बूड लावून जोडलेल्या, मधे बारीक कंबर. दोन काठ्या आणि त्यांच्या टोकांना बांधलेली एकच दोरी. दोरी कंबरेखालून घ्यायची, एका हाताने झटके देत राहायचे, दुसऱ्या हाताने नुसती साथ करायची. गरगर वाढली की खेळणे उंच फेकायचे आणि ताणलेल्या दोरीवर झेलायचे. सर्कशीत हे पाहिलेले पुष्कळ जण असतात, नाव विचारले की गप्प होतात. युरोपातल्या बहुतेक भाषांत ते आहे 'डिआबोलो'. या नावाच्या मागे लागलो, त्याची ही टिपणे.

*

भोवऱ्याचे हे भावंडच, पण स्वभाव वेगळा. भोवऱ्याची जाळी एका झटक्यात सुटते. पुढे भोवरा जाणे आणि जमीन जाणे. इथे जमीन नाहीच. दोरी हीच जमीन, तीच जाळी, आणि तीच चाबूक. हात थांबला की खेळ हळूहळू संपला. म्हणून हे खेळणे कुणी एकदा फिरवून बाजूला बसून पाहत नाही.

*

चीनमध्ये याची नावे किती, तर शहरागणिक वेगळी. बीजिंगकडे 'कोंगझू', म्हणजे पोकळ बांबू. जुने नाव 'कोंगझोंग', पोकळ घंटा. तैवानात आणि दक्षिणेकडे 'छलिंग', ओढायची घंटा. कुठे 'फंग हूलू', वाऱ्याचा भोपळा. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. घंटा, पोकळ बांबू, भोपळा, ही सगळी नादाची भांडी. ज्यांनी नावे दिली त्यांनी खेळणे डोळ्यांनी कमी पाहिले, कानांनी जास्त. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा का लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याला 'वाऱ्याचा भोपळा' समजावून सांगावा लागणार नाही.

*

आवाज येतो कसा? बांबूच्या किंवा लाकडाच्या चकतीत पोकळी असते आणि तिच्या कडेला तिरक्या चिरा. चकती फिरली की हवा चिरेच्या धारेवर आपटते, आतली हवा कंप पावते. बासरीत आपण फुंकर मारतो. इथे बासरीच हवेतून धावते. बीजिंगचे कारागीर कोंगझूची प्रत चिरांच्या संख्येवरून सांगतात: इतक्या आवाजांचे, तितक्या आवाजांचे. चिरा लहानमोठ्या कापल्या की सूर वेगवेगळे लागतात आणि मिळून एक भरदार घूं होते.

*

थ्यानजिन शहरातले नाव मला सर्वांत आवडते: 'मन हूलू', कोंदट आवाजाचा भोपळा. गंमत अशी की चिनी बोलण्यात मन हूलू म्हणजे मनातले ओठावर न आणणारा माणूसही. एवढा गाजावाजा करणाऱ्या खेळण्याला न बोलणाऱ्या माणसाचे नाव! पण मराठी माणसाने याचे नवल का करावे? आपल्याकडे आवाज 'घुमतो', आणि तोंड मिटून बसणाऱ्यालाही आपण 'घुम्या'च म्हणतो. आवाज आतल्या आत फिरत राहतो, ही कल्पना दोन्हीकडे आहे.

*

१६३५ साली लिऊ तोंग आणि यू यीझंग यांचे बीजिंगच्या स्थळांचे आणि चालीरीतींचे वर्णन करणारे पुस्तक निघाले, 'दीजिंग जिंगवू ल्यूए'. त्यात वसंतातल्या खेळांमध्ये कोंगझोंग आहे. मुलांचे एक गाणेही तिथे नोंदले आहे. कोणत्या दिवसांत कोणता खेळ, हे विलोच्या झाडाची पालवी पाहून ठरवणारे. मात्र तिथला कोंगझोंग दोरीवर नाचणारा नाही. लाकूड कोरून पोकळ केलेला, कडेला तोंड ठेवलेला, उलट्या घंटेसारखा जमिनीवर उभा राहणारा. वर दांडी, दांडीला दोरी गुंडाळायची, ती भोक पाडलेल्या बांबूच्या पट्टीतून ओवायची आणि जोराने हिसकायची. आकार एका त्सुनापासून (हा चिनी इंच, आपल्या इंचाहून थोडा मोठा) आठ-नऊ त्सुनांपर्यंत. मोठ्याचा आवाज घंटेसारखा, लहानाचा उडणाऱ्या भुंग्यासारखा, असे लेखक सांगतात. म्हणजे नाव आधी जमिनीवरच्या खेळण्याचे. हवेतल्याने ते वारशाने घेतले.

*

दोरीवरचे खेळणे चिनी साहित्यात भेटते ते 'शुइहू झुआन' या प्रसिद्ध बंडखोरांच्या कादंबरीत, ११० व्या प्रकरणात. बंडखोरांचा म्होरक्या सोंग ज्यांग आता सरकारच्या बाजूला आला आहे, लढाया जिंकून देतो आहे, पण दरबारात त्याला कुणी विचारत नाही. राजधानीच्या रस्त्यात एक माणूस दोन काठ्या आणि दोरीवर काहीतरी फिरवताना दिसतो; ते वाजते. चौकशी केल्यावर नाव कळते, 'हू-च्याओ'. सोंग ज्यांग त्यावर कविता करतो आणि तिचा रोख स्वतःवरच असतो: अंगात बळ पुष्कळ, पण वर उचलून घेणारा कुणी नसेल तर सगळे फुकट. एका रस्त्यावरच्या खेळण्यात नोकरशाहीची सबंध व्यथा त्याला दिसली. नंतरच्या युरोपी कवींपैकी या खेळण्याकडे इतक्या गांभीर्याने कुणी पाहिले असेल असे वाटत नाही.

*

जपानी लोकांनी आवाज सोडला आणि आकार पकडला. त्यांचे जुने नाव 'र्‍यूगो', लिहिताना दोन चित्राक्षरे: चाक आणि ढोलके. अकराव्या शतकात फुजिवारा नो आकिहिरा याने 'शिन सारुगाकु की' या पुस्तकात रस्त्यावरच्या करमणुकींची लांबलचक यादी दिली आहे. कळसूत्री बाहुल्या, चेंडू झेलणे, एकट्यानेच खेळायची लुटुपुटीची कुस्ती यांच्या रांगेत र्‍यूगो आहे. नंतर खेळ मागे पडला आणि शब्द उरला. मधे बारीक आणि दोन्हीकडे रुंद अशा कुठल्याही आकाराला र्‍यूगो म्हणू लागले. घराण्यांच्या चिन्हांमध्येही तो आकार आहे. आज जपानी पोरे दुकानातून जे आणतात त्याचे नाव मात्र फ्रान्समार्गे आलेले 'दिआबोरो'. जुना शब्द घरात असताना पाहुणा शब्द वापरायचा, ही सवय आपल्याही परिचयाची आहे.

*

युरोपात खेळणे चीनहून आले, बहुधा मिशनऱ्यांबरोबर. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते इंग्लंडात माहीत होते. खरी लाट आली १८१२ च्या सुमारास, फ्रान्समध्ये. बागेत, दिवाणखान्यात, थोरामोठ्यांच्या हातात दोन काठ्या. त्या दिवसांतली चित्रे आणि व्यंगचित्रे आजही पाहायला मिळतात. नाव होते 'द्याब्ल', म्हणजे सैतान.

का? याचे उत्तरही कानातच आहे. त्या वेळचा द्याब्ल लाकडी, दोन गोळे आणि मधे आखूड कंबर, आणि फिरताना प्रचंड घुमणारा. फ्रेंचमध्ये कान किटवणाऱ्या कल्लोळाला सैतानाचा आवाज म्हणतातच. तो वाक्प्रचार खेळण्यावर जाऊन बसला. म्हणजे चिनी आणि फ्रेंच दोघांनीही आवाजच ऐकला. चीनमध्ये फेरीवाले हाच घुमणारा आवाज काढून गिऱ्हाईक गोळा करत. एकाला जे दुकान उघडल्याचे बोलावणे वाटले, ते दुसऱ्याला नरकाचे दार वाटले.

*

इंग्रजांनी त्याचे केले 'दोन काठ्यांवरचा सैतान'. हे शब्द त्यांना तयार मिळाले होते. १७०७ मध्ये लसाज या फ्रेंच लेखकाची लंगड्या सैतानाची कादंबरी आली. एका विद्यार्थ्याने बाटलीतून सोडवलेला अस्मोदे नावाचा सैतान उपकाराची फेड म्हणून माद्रिदमधल्या घरांची छपरे उचलून आत काय चालले आहे ते दाखवतो. इंग्रजी भाषांतराने त्याच्या कुबड्या मथळ्यात आणल्या आणि पुस्तकाचे नाव झाले दोन काठ्यांवरचा सैतान. १७६८ मध्ये सॅम्युअल फूटने याच नावाचे नाटक लंडनमध्ये आणले. पुढे खरोखरच दोन काठ्यांवर नाचणारे, लंगडत-झोकांड्या खात फिरणारे काहीतरी समोर आले, तेव्हा इंग्रजाला नवे नाव शोधायची गरज पडली नसावी. मूळ कल्पना लसाजचीही नव्हे. १६४१ ची एक स्पॅनिश कादंबरी त्याच्या पुढ्यात होती.

*

१९०६. गुस्ताव फिलिपार या अभियंत्याच्या हाती जुन्या द्याब्लचे काही नमुने लागले. त्याने गोळ्यांच्या जागी शंकू आणले, टोके मधे जोडली, आणि दोन्ही कडांना सायकलच्या चाकाला असते तशी रबराची बारीक धाव बसवली. पडले तरी फुटत नाही, लागले तरी जखम होत नाही. त्याला नाव दिले 'डिआबोलो'. पॅरिस, ऑस्टेंड आणि फ्रान्समधली समुद्रकाठची गावे त्या उन्हाळ्यात याच नादात होती. १९०७ मध्ये लाट इंग्लंडात पोचली. जाळी बांधून टेनिससारखे सामनेही होऊ लागले.

या कारभारात एक ओळखीचा माणूस सापडतो: सी. बी. फ्राय, ससेक्सच्या क्रिकेट संघातला रणजीचा जोडीदार. फिलिपारने त्याचा सल्ला घेतला, आणि धातू-लाकडाऐवजी सेल्युलॉइड वापरण्याची सूचना फ्रायची. इकडे रणजी नवानगरच्या गादीवर बसत होता, तिकडे त्याचा मित्र दोरीवरच्या सैतानाला हलका करत होता. काळ एकच, १९०७ च्या आसपासचा.

*

१९०७ मध्येच सी. व्ही. बॉइज या भौतिकशास्त्रज्ञाने लंडनच्या फिजिकल सोसायटीच्या वृत्तांतात डिआबोलोचे गणित मांडले. हा तोच माणूस, ज्याचे साबणाच्या फुग्यांवरचे पुस्तक पिढ्यान् पिढ्या वाचले गेले. खेळणाऱ्याला बोटांनी जे कळते ते थोडक्यात असे: वेगाने फिरणाऱ्या वस्तूला जिकडे ढकलाल तिकडे ती झुकत नाही, काटकोनात वळते. डिआबोलो पुढे कलंडला म्हणून सरळ मागे ओढायला गेलात की तो भलतीकडेच तोंड फिरवतो. एका बाजूलाच चकती असलेला चिनी कोंगझू तर सतत स्वतःभोवती गिरकी घेत राहतो, आणि खेळणाऱ्याला त्याच्यासोबत पावले टाकत फिरावे लागते. त्याचा नाच खरे तर गुरुत्वाकर्षण ठरवते.

*

डिआबोलो हा शब्द इटालियन, असे कोशात वाचायला मिळते. इटालियन माणूस सैतानाला 'दियाव्होलो' म्हणतो. खेळण्याला, इतरांसारखाच, 'दियाबोलो'. म्हणजे इटालियन समजला जाणारा शब्द इटलीतही परकाच. स्पॅनिश लोकांनी एका जादा स्वरावर काम भागवले: सैतान 'दियाब्लो', खेळणे 'दिआबोलो', आणि लिहिताना 'आ'वर तिरकी रेघ. रेघ विसरली तरी पोराला मार बसत नाही.

*

काही जण म्हणतात, सैतानाचा यात संबंधच नाही. नाव ग्रीक आहे. 'दिया' म्हणजे पलीकडे, आरपार. 'बाल्लो' म्हणजे फेकतो. इकडून तिकडे फेकायचे ते डिआबोलो. खेळाचे वर्णन म्हणून अगदी चपखल. पण गंमत अशी की सैतानही याच दोन तुकड्यांचा बनला आहे. 'दियाबाल्लो' म्हणजे पलीकडे फेकणे. त्यावरून एखाद्यावर शब्द फेकणे, चहाडी करणे, बदनामी करणे. 'दियाबोलोस' म्हणजे चहाडखोर. हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणताना 'सातान', म्हणजे आरोप करणारा विरोधक, या शब्दासाठी भाषांतरकारांनी हाच दियाबोलोस घेतला. तेव्हा फेकण्याची व्युत्पत्ती आणि सैतानाची व्युत्पत्ती यांचे भांडण हे एकाच घरातल्या दोन खोल्यांचे भांडण आहे.

मराठीत हे एका मात्रेत सांगता येते. चिन्यांनी खेळण्याचे नाव ठेवले. युरोपने नावे ठेवली.

*

'बाल्लो'ची इतर लेकरे: 'सिंबल', एकत्र फेकलेले, जुळवलेले, 'प्रॉब्लेम', समोर टाकलेले, 'पॅराबोला', शेजारी टाकलेले, 'मेटाबॉलिझम', उलटसुलट फेरबदल. वर फेकलेला डिआबोलो खाली येताना पॅराबोला काढतो, हे त्या कुटुंबातले एकमेव संमेलन.

*

सैतानाचे हे ग्रीक नाव आपल्यापर्यंतही पोचले आहे, फार लांबच्या वळणाने. अरबीतला 'इब्लिस' हा शब्द अरबी परंपरा 'निराश होणे' या धातूशी जोडते. पुष्कळ पाश्चात्त्य अभ्यासक मात्र तो ग्रीक दियाबोलोसचाच झिजलेला अवतार मानतात. कुराणातला इब्लिस आदमपुढे नमायला नकार देतो. फारसीच्या संगतीने तो मराठीत आला आणि इथे त्याची पार पदावनती झाली. मोरीत पाणी सांडणारे, मांजराच्या शेपटीला डबा बांधणारे कार्टे म्हणजे इब्लिस. आजीच्या तोंडी त्यात रागापेक्षा कौतुकच अधिक असते. विश्वातल्या पहिल्या बंडखोराला खोडकर पोराच्या रांगेत बसवण्याचे काम मराठीने केले, आणि खेळण्याच्या रांगेत बसवण्याचे फ्रेंचने. दुसरी व्युत्पत्ती खरी धरली तर डिआबोलो आणि इब्लिस हे सख्खे भाऊच.

*

गल्लत होते म्हणून वेगळे टिपले: 'डेव्हिल स्टिक' हे दुसरेच खेळणे. त्यात दोरी नाही. दोन हातांत दोन काठ्या, आणि त्यांनी टोलवत हवेत ठेवायची तिसरी काठी. तिथेही सैतान नावात आहे, पण घुमण्याचा प्रश्नच नाही. काठ्या आणि सैतान यांची जोडी एकदा जमली की भाषा ती पुन्हा पुन्हा वापरते.

*

यो-योची कथा उलटी. खेळणे जुनेच, युरोपात अठराव्या शतकात त्याला वेगळी नावे होती. 'यो-यो' हा शब्द फिलिपिन्सच्या भाषांतला. पेद्रो फ्लोरेस या फिलिपिनो माणसाने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे यो-यो बनवायला सुरुवात केली. धंदा डंकन कंपनीने विकत घेतला आणि नावावर मालकी सांगितली. १९६५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने निकाल दिला की यो-यो हे आता खेळण्याचेच नाव झाले आहे, कुणा एकाच्या मालाचे नव्हे. नाव इतके यशस्वी झाले की मालकाच्या हातातून निसटले. डिआबोलोच्या बाबतीत फिलिपारचे नाव आज खेळणाऱ्यांनाही माहीत नसते.

*

रबर आले, सेल्युलॉइड आले, आणि एक गोष्ट गेली: आवाज. नवा डिआबोलो जवळजवळ मुका. ज्या गोंगाटामुळे तो सैतान झाला तो संपला. नावाला मग एकच आधार उरला, आकार. आणि आकाराचे नाव कुठेही जाऊ शकते. पुढची तीन टिपणे त्या प्रवासाची.

*

एअर रायफलची गोळी. ४.५ मिलिमीटर व्यासाची, शिशाची, पुढे डोके, मधे कंबर, मागे पोकळ घेर. या आकाराला जगभर 'डिआबोलो' म्हणतात. मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने फुगतो, नळीच्या खाचांना घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. कंबर बारीक असल्याने नळीशी घर्षण कमी. वजन पुढे आणि घेर मागे, त्यामुळे गोळी हवेत डगमगत नाही. नेमबाजीच्या स्पर्धेत दहा मीटरवरच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठणारी अंजली भागवत असो, की २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, त्यांच्या रायफलींतून सुटले ते डिआबोलोच.

*

कान. लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येऊ लागले, की काही वेळा डॉक्टर पडद्याला बारीक छेद देऊन त्यात एक नळी बसवतात. नळी मिलिमीटरभर भोकाची. दोन्हीकडे कडा आणि मधे खाच, म्हणजे पडद्यात अडकून बसते आणि हवा आत जाऊ देते. इंग्रजीत ती 'ग्रॉमेट'. फ्रान्समधले डॉक्टर आईबापांना सांगताना म्हणतात 'डिआबोलो', नाहीतर 'यो-यो'. दोन्ही खेळणी एकाच नळीत.

*

खाणेपिणे आणि प्रवास. फ्रेंच कॅफेत 'डिआबोलो मांत' मागितले तर लिमोनेडमध्ये पुदिन्याचे हिरवेगार सरबत घालून आणतात. शाळकरी मुलींचे पेय. दियान क्युरिस हिच्या १९७७ च्या चित्रपटाचे नावही तेच. आणि ब्रसेल्सच्या विमानतळाला उत्तरेकडच्या रेल्वेशी जोडणारा मार्ग २०१२ मध्ये सुरू झाला, त्याचे नाव डिआबोलो. विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाला तिकिटावर वेगळा 'डिआबोलो' आकार भरावा लागतो. तो भरताना आठवतो तो बहुधा मूळ अर्थच.

*

चीनने २००६ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाची पहिली यादी केली, तिच्यात कोंगझू फिरवण्याची कला आहे. तैवानच्या शाळांत पोरे छलिंग शिकतात. सर्कशीतले कसबी खेळाडू आज बेअरिंग बसवलेले प्लॅस्टिकचे डिआबोलो वापरतात. वेग जास्त टिकतो आणि एका दोरीवर तीन-तीन नाचवता येतात. बीजिंगच्या बागांतले म्हातारे मात्र घुमणारा बांबूच शोधतात. त्यांच्या लेखी न वाजणारे खेळणे म्हणजे निम्मेच खेळणे. कानाने ठेवलेले नाव असे गावातच राहते, कारण ते टिकवायला आवाज टिकवावा लागतो. डोळ्याने ठेवलेले नाव गोळीत, कानात आणि तिकिटावर सुखाने नांदते. त्याला खेळण्याची गरजही उरलेली नाही.

*

आपल्याकडे कुणी याचे मराठी नाव विचारले तर 'डमरू' चटकन सुचेल, आणि ते आकाराचे नाव म्हणून ठीकच आहे. पण वाजणारा बांबूचा नमुना हाती आला तर माझे मत 'घुम्या'ला.